देवळालीची हवा आणि चेंडूची झेप

आमच्या वस्तीत सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ही गोष्ट घरोघरच्या मुलांची आहे. गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने भरवलेल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेत या पोराने असे काही षटकार ठोकले की बायाबापड्यासुद्धा ओट्यावर येऊन टाळ्या वाजवीत होत्या. सामनावीर म्हणून त्याला पितळी कप मिळाला. आईने तो टीव्हीच्या शेजारी मांडून ठेवला.

पुढे जानेवारीत त्याला एका निवड चाचणीला बोलावणे आले. सकाळी साडेसातची वेळ, कातडी चेंडू आणि भले मोठे मैदान. पोरगा तीन वेळा उंच मारायला गेला आणि तिन्ही वेळा सीमारेषेच्या अलीकडे झेल देऊन परत आला. संध्याकाळी त्याचे वडील आमच्याकडे आले. वर्कशॉपमध्ये हेल्परचे काम करणारा सरळ माणूस. म्हणाले, "दादा, तुम्हीच समजावा त्याला. वस्तीतला वाघ तो वस्तीतच. पुढच्या महिन्यापासून माझ्याबरोबर कामाला येऊ द्या. दोन पैसे तरी घरात येतील."

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. खात्यात फरक दिसला की तो कोठून आला हे शोधल्याशिवाय झोप येत नाही. एप्रिलमधील वाघ जानेवारीत शेळी कसा झाला? मुलगा तोच, मनगट तेच आणि बॅटही तीच. मग बदलले काय? याचा शोध घेण्यासाठी एका रविवारी त्या मुलाला घेऊन आम्ही देवळाली कॅम्पला गेलो. तेथे जाण्याचे कारण म्हणजे आमचे एक नातलग, ज्यांना सगळे हवालदारमामा म्हणतात. सारी नोकरी तोफखान्यात काढून ते आता तेथे निवृत्त आयुष्य काढीत आहेत. हवेत उडणाऱ्या वस्तूंविषयी विचारायला त्यांच्यापेक्षा जाणता माणूस आमच्या ओळखीत नाही.

नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे निघाले की गर्दी हळूहळू मागे पडते. लॅम रोडला लागले म्हणजे दोन्ही बाजूंनी जुनी झाडे, मोठमोठी आवारे, कौलारू बंगले आणि आरोग्यभुवने दिसू लागतात. मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या येथे हवापालटाला येत आले. कोरडी हवा, गार सकाळ आणि दमट मुंबईपासून सुटका, एवढ्यासाठी हे गाव नावाजले. त्याच हवेच्या भरवशावर १९२५ साली येथे बार्न्स स्कूल उभे राहिले. आमच्यासारख्यांना मात्र ही हवा फुकट मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही!

या गावाने इंग्रजी भाषेलाही एक शब्द दिला आहे. इंग्रजांच्या काळी मुदत संपलेले गोरे सैनिक बोटीची वाट पाहत येथील छावणीत राहत. बोटी हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या. ज्याची बोट हुकली त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत उन्हाळा आणि पावसाळा येथेच काढावा लागे. काम काही नाही आणि त्यात हिवताप. काहींची डोकी फिरत. तेव्हापासून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणू लागले. मुलाला हे सांगितले तेव्हा तो प्रथमच हसला. म्हणाला, "काका, मग मी पण डूलालीच झालोय."

मामांच्या घरी पोहोचलो. जयभीम झाला, चहा झाला. आम्ही सगळी हकिगत सांगितली. तेवढ्यात लांबून धडाम् असा आवाज आला आणि खिडकीची तावदाने किंचित थरथरली. देवळालीला तोफखान्याचे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. सरावाच्या तोफांचे आवाज येथील लोकांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की पाळण्यातील पोरही उठत नाही.

मामा म्हणाले, "भाऊ, हा जो गोळा आता सुटला ना, तो सोडण्याआधी हवेचा हिशेब झालेला असतो. वारा किती, कुठून, हवा गरम की थंड, दाब किती. फुगा सोडून वरच्या थरातलं वारं बघतात. थंड हवा दाट असते, गोळा अलीकडे पडतो. गरम हवा पातळ, गोळा पलीकडे जातो. नेम बरोबर असून चालत नाही, हवा धरावी लागते. चेंडूचं काय वेगळं आहे?"

आम्ही वही काढली. मामांनी सांगितलेले आणि आम्ही वाचलेले एकत्र करून जे खाते तयार झाले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली रक्कम उंचीची. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सहा-साडेसहा टक्के कमी असतो. म्हणजे तापमान सारखे असेल तर मुंबईपेक्षा येथील हवा तेवढी पातळ, आणि चेंडूला होणारा अडथळाही तेवढा कमी.

दुसरी रक्कम तापमानाची. दर तीन अंश सेल्सिअस थंडीमागे हवा सुमारे एक टक्का दाट होते. आता गंमत पाहा. मुंबईत दुपारी ३० अंश आहे आणि देवळालीत जानेवारीच्या सकाळी १२ अंश. फरक १८ अंशांचा, म्हणजे सहा टक्के. उंचीने जे जमा केले ते थंडीने खर्ची घातले, बाकी शून्य! एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला मात्र दोन्ही रकमा एकाच बाजूला पडतात आणि हवा मुंबईच्या त्याच हवेपेक्षा जवळजवळ नऊ टक्के पातळ होते. मैदान एकच, पण एप्रिलची हवा वेगळी आणि जानेवारीची वेगळी.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. आपण म्हणतो, दमट हवा जड असते. प्रत्यक्षात उलटे आहे. पाण्याची वाफ ही नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी भरते. जड होतो तो चेंडू! दवाने भिजलेल्या गवतावरून फिरलेला चेंडू पाणी पितो, त्याची उसळी मरते, आणि ओल्या गवतावर तो धावतही नाही.

या गोष्टींचा सर्वांत जास्त विचार अमेरिकेतील बेसबॉलवाल्यांनी केला आहे. बेसबॉल म्हणजे दांडक्याने चेंडू टोलवायचा खेळ, आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. तेथे डेन्व्हर नावाचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. १९९५ साली तेथे कूर्स फील्ड हे मैदान सुरू झाले आणि चेंडू सारखे कुंपणापार जाऊ लागले. हवा पातळ म्हणून फटका समुद्रकाठापेक्षा साधारण पाच टक्के लांब जातो. शिवाय पातळ हवेत गोलंदाजाचा चेंडूही कमी वळतो, म्हणजे फलंदाजाला दुहेरी फायदा. बांधणाऱ्यांनी कुंपण आधीच लांब ठेवले होते, तरी धावा थांबेनात. शेवटी २००२ पासून चेंडू ओलावा राखलेल्या खोलीत ठेवू लागले, कारण तेथील कोरड्या हवेत वाळलेला चेंडू दांडक्यावरून जास्त उसळत होता. त्यानंतर फटक्यांना थोडा लगाम बसला.

वाऱ्याचे उदाहरण शिकागोचे. तेथील रिग्ली फील्ड हे १९१४ सालचे मैदान मिशिगन सरोवराच्या जवळ आहे. वारा सरोवराकडून आत आला की फलंदाज रडतात, बाहेर वाहू लागला की गोलंदाज रडतात. १७ मे १९७९ रोजी वारा बाहेर वाहत असताना तेथे फिलाडेल्फियाने शिकागोला २३-२२ असे हरवले. एरवी बेसबॉलच्या एका सामन्यात एका संघाच्या चार-पाच धावा होतात. यावरून काय ते समजावे. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर लांब फटका आठ-दहा मीटर पुढे पडतो.

मैदानाच्या घडणीचे उदाहरण बॉस्टनच्या फेनवे पार्कचे. १९१२ साली सुरू झालेल्या या मैदानाच्या डाव्या बाजूला रस्ता असल्याने जागा अपुरी. म्हणून तेथे ३७ फूट उंच भिंत आहे. दुसरीकडे जो उंच झेल झाला असता तो तेथे भिंतीवरून पलीकडे जातो, आणि दुसरीकडे जो सपाट फटका कुंपणापार गेला असता तो भिंतीवर आपटून परत येतो. खेळणाऱ्याला भिंतीप्रमाणे आपला खेळ बदलावा लागतो.

हे ऐकून आमचा पोरगा एकदम म्हणाला, "काका, आपल्याकडे पण भिंत आहे की!" खरेच आहे. आमच्या वस्तीच्या मैदानाला पूर्वेकडे एका आवाराची भिंत आहे, यष्टीपासून जेमतेम पंचेचाळीस पावलांवर. भिंतीपलीकडे चेंडू गेला की षटकार. पश्चिमेला रिकामे रान आहे, तिकडे षटकार मारणे कोणाच्या बापाला जमत नाही. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीपासून कमीत कमी ६५ यार्ड, म्हणजे ५९ मीटरच्या थोडी वर, आणि जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे ८२ मीटर ठेवतात. आमची भिंत या कमीत कमी मापातही बसत नाही.

आता वाऱ्याची गंमत. मावळतीचे ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून खेळपट्टी दक्षिणोत्तर आखतात. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. उजव्या हाताचा फलंदाज उत्तरेच्या टोकाला उभा राहिला की त्याची लेग बाजू पूर्वेला येते. म्हणजे त्याने लेगला उंच मारलेला चेंडू वारा पाठीवर घेऊन निघाला. तोच फलंदाज दक्षिण टोकाला गेला की लेग बाजू पश्चिमेला, आणि तोच फटका वाऱ्याच्या तोंडावर. आम्ही त्याला विचारले, "एप्रिलचे षटकार आठव. कुठल्या टोकाहून मारलेस?" तो जरा वेळ बोटे मोजीत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "सगळे उत्तरेकडून. विहिरीच्या टोकाहून." पूर्वेला भिंत जवळ आणि वाराही पूर्वेकडेच!

राहिली सर्वांत मोठी रक्कम, ती चेंडूची. कातडी चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅम. आकारात दोघे जवळजवळ सारखेच. म्हणजे हवेला आडवे येणारे अंग तेवढेच, पण वजन तिसऱ्या हिश्शाचे. त्यामुळे वारा टेनिस चेंडूला पतंगासारखा खेळवतो. पाठीशी असला तर भिंतीपार नेतो, समोरून असला तर हातात आणून देतो. कातडी चेंडू वाऱ्याला एवढी भीक घालत नाही. तो आपल्याच जोरावर जातो, आणि तो जोर बॅटच्या मध्यावर बसला तरच मिळतो.

मामांच्या घराजवळच्या मोकळ्या मैदानावर आम्ही याची चाचणीही घेतली. सकाळी दोन्ही तऱ्हेचे चेंडू पोराकडून मारून घेतले, पडले तेथे चुन्याच्या खुणा केल्या. मामींच्या हातची भाकरी आणि मटकीची उसळ खाऊन दुपारी तीन वाजता पुन्हा तेच केले. टेनिस चेंडू दुपारी वाऱ्याच्या बाजूला सकाळच्या खुणा सरळ ओलांडून गेले. कातडी चेंडूत मात्र सकाळ-दुपारचा फरक आम्हाला नीट दिसलाच नाही. एक फटका चांगला, एक फसलेला, यातच तो बुडून गेला. आमच्या ढोबळ हिशेबाने साठ-पासष्ट मीटरच्या फटक्याला सकाळ आणि दुपार यांत मीटर-सव्वा मीटरचा, तर जानेवारीची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत फार तर दोन-अडीच मीटरचा फरक पडावा. तेवढ्याने वाघाची शेळी होत नाही.

म्हणजे खाते असे जुळले. हवेच्या दाटपणाचा वाटा लहान. वाऱ्याचा त्याहून मोठा. जवळच्या भिंतीचा आणि हलक्या चेंडूचा सर्वांत मोठा. चाचणीच्या सकाळी वारा नव्हता, गवतावर दव होते, खेळपट्टीत रात्रीचा ओलावा होता, आणि नवा कातडी चेंडू शिवणीवर पडून वळत होता. सीमारेषा सत्तर मीटरच्या आसपास. पोराने मात्र विहिरीच्या टोकाहून भिंत दिसत असल्यासारखी बॅट फिरवली. त्याचे मनगट खोटे नव्हते. त्याचा अंदाज दुसऱ्या मैदानावर तयार झाला होता.

येथे आम्हाला पळवणकर बाळू यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदानाचे काम करी. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळ्या बांधणे हे त्याचे काम. मग गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागला. रोलर ओढणाऱ्या हाताला माती कळते, आज ओल किती आहे, ऊन चढल्यावर काय होईल, ते पायाला जाणवते. १९११ साली पहिला भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूंनी साऱ्या दौऱ्यात शंभरावर, एकंदर ११४, बळी घेतले. तेथील तो उन्हाळा कडक आणि कोरडा होता, म्हणजे संथ गोलंदाजाला ओल्या खेळपट्टीचीही फार मदत नाही. चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून, मंडपाबाहेर पिण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याने मैदान मात्र सगळ्यांपेक्षा चांगले वाचले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तोपर्यंत केवढी वाट चालावी लागली!

आम्ही मुलाला एवढेच म्हणालो, "ज्यांना चांगले मैदान मिळते त्यांचा अंदाज आपोआप तयार होतो. तुला तो कष्टाने करावा लागेल. भिंत विसर, आणि दोन्ही टोकांहून खेळ."

परतताना देवळाली स्टेशनच्या बाजूने आलो. संध्याकाळ झाली होती, वारा पडला होता, झाडांवर पोपटांचा कलकलाट चालला होता. पोराने रस्त्यातच कोरडी माती मुठीत घेतली आणि हळूहळू खाली सोडली. धूळ कोणीकडे जाते ते पाहत उभा राहिला. ती सरळ त्याच्या चपलेवर पडली. "वारा नाही, काका," म्हणाला. त्या एका वाक्यासाठी आमचा रविवार कारणी लागला असे आम्हाला वाटले.

रात्री त्याच्या वडिलांना वही दाखवली. आकडे त्यांना फारसे कळले नसतील, पण शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. "पोरगा नापास नाही, परीक्षा निराळी होती." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक वर्ष देतो, दादा. पण बारावीचा अभ्यास सुटता कामा नये." पोराने मान डोलावली. वस्तीतल्या तरुणांनी वर्गणी काढून तीन कातडी चेंडू आणले आहेत. सकाळी सहाला, दव असताना, दक्षिणेच्या टोकाहून सराव चालतो. भिंतीपलीकडे मारला तर बाद, असा नियम त्यांनी आपणच घातला आहे. पुढच्या चाचणीत काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही.

आईबापांना मात्र हात जोडून एक विनंती आहे. आपले मूल एका जागी चमकते आणि दुसऱ्या जागी पडते, तेव्हा लगेच त्याच्या अंगातील गुणावर शिक्का मारू नका. आधी जागा पाहा, हवा पाहा, हाती दिलेले साधन पाहा. खेळात असो, शाळेत असो की नोकरीच्या परीक्षेत, मैदान सगळ्यांना सारखे मिळत नाही. आणि मुलांनो, कप घरात आला म्हणून हुरळून जाऊ नका. कोणत्या टोकाहून मारले होते, तेही एकदा आठवून पाहा.